दुसरं नाक

१९ मे

जुनी वही काल ब्लांकाच्या तळघरात बिअरमध्ये भिजली, म्हणून ही नवी. वहीबरोबर मीही होतो. भरलेलं पिंप घेऊन उतरताना पायरी चुकलो आणि डोकं मागून दगडावर आपटलं. चार टाके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अडुसष्टाव्या वर्षी अशी टणक कवटी म्हणजे चैन आहे. पंधरा दिवस स्वस्थ पडा.

"पिंप तू उचलायचं नाहीस असं ठरलं होतं, बाबा." ब्लांका रडत होती आणि चिडलेलीही होती.

"ठरलं तेव्हा पिंप रिकामं होतं."

"त्या पायऱ्या मी उद्याच फोडते."

"पायऱ्यांचा काही दोष नाही," मी म्हणालो.

२४ मे

पडून राहणं जमत नाही.

ब्लांकानं प्रागची नोकरी सोडून आमच्या लिपोव्हकातलं जुनं टपाल कार्यालय घेतलं. मागे जिथं पार्सलं असायची तिथं आता तांब्याची दोन भांडी आणि तीन टाक्या आहेत. पुढे तिकिटं विकायच्या खिडकीतून ग्लास मिळतात. बिअरची भट्टी मार्चपासून चालू आहे. जुलैत किल्ल्याच्या खंदकात लहान भट्ट्यांचा उत्सव भरतो, बावीस भट्ट्या येतात. तिथं ती पहिल्यांदाच उभी राहणार. तिथं लोकांनी मान डोलावली तर हिवाळा निघेल. नाही डोलावली तर ती प्रागला परत जाईल. हे तिनंच मला सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ फिरवून.

आमच्या खोऱ्यात जो बिअर करतो तो ती स्वतः पास करत नाही. त्याचं नाक महिनाभर तिच्याबरोबर राहिलेलं असतं. टाकी उघडण्याआधी दुसऱ्या कुणाचं तरी नाक लागतं. ते हो म्हणालं की हो. मोठ्या भट्टीवर चौतीस वर्षं मुख्य होतो. आता पाच लहान भट्ट्यांचं दुसरं नाक मी आहे. ब्लांकाचंही.

माझ्या बायकोनं, द्राहानं, कॉफी बदलली आहे. नुसत्या गरम पाण्यासारखी लागते.

३ जून

उन्हाळ्याची फेरी सुरू केली. जिल्ह्याच्या साप्ताहिकात दर उन्हाळ्यात मी भट्ट्यांवर लिहितो. सोबत रादोवान. तो त्याच टपालात तीस वर्षं पोस्टमन होता, आता बसनं माझ्याबरोबर फिरतो आणि मी जे चाखतो ते तो पितो.

नदीकाठची पहिली भट्टी. ग्लास सुंदर, फेस दोन बोटं, टिकणारा. घोट घेतला. कडू, ओलं, गार. बाकी काही नाही. दुसरा घेतला. तेच. या माणसाला मी वीस वर्षं ओळखतो. धक्का बसला.

"काय झालं?" रादोवान म्हणाला. "फार छान आहे की."

"तुला सगळंच छान लागतं."

"म्हणून तर माझं लग्न टिकलं."

१० जून

'दोन बगळे'. ऑत्मारची भट्टी. पस्तिशीचा, अबोल माणूस. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं जव, स्वतः बीच झाडाच्या लाकडावर धुरवतो आणि त्याची काळी बिअर करतो. अंगणात पन्नासेक माणसं होती.

मी चार वेळा चाखली. धूर नाही. नावाला नाही. धुराची बिअर म्हणून लोक रांगेत उभे आहेत आणि आत काळं पाणी आहे. माणसं एकमेकांकडे बघून मान डोलावत होती. एवढे लोक एकाच वेळी फसू शकतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

ऑत्मार टेबलापाशी आला. "काय म्हणता, उस्ताद?"

"लाकूड संपलं होतं का?"

त्याला कळलं नाही. तो हसला आणि गेला.

घरी आल्यावर द्राहानं माझा कोट दारातच काढून घेतला. "कुठे आग लागली होती का? बाहेर टांगते." कोट दोन दिवस दोरीवर होता. तिला हल्ली कशातही धूर दिसतो.

१८ जून

लेख छापून आला. मथळा मी दिला नव्हता, पण ठीक आहे: 'यंदा पाणीच पाणी'. ऑत्मारबद्दल एकच वाक्य लिहिलं: धुराच्या बिअरमध्ये धूर नाही.

पाऊस नाही त्याचा परिणाम सगळीकडे दिसतो. चौकातली लिंडनची झाडं फुलली आहेत, मधमाश्यांचा आवाज दुरून येतो, पण दरवर्षी जो वास गल्लीच्या तोंडापासून अंगावर यायचा, तो नाही. द्राहा चहासाठी फुलं तोडत होती आणि शिंकत होती. कापलेल्या गवतालाही वास नाही. शेतकऱ्यांना याबद्दल कुणी विचारत कसं नाही?

२५ जून

ऑत्मार घरी आला. हातात साप्ताहिक नव्हतं, बाटली होती. ती टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"उस्ताद, वाईट आहे म्हणा. जळकी आहे म्हणा. कुणी म्हणतं राखेसारखी लागते, तेही म्हणा. पण धूर नाही?"

"मला जे लागलं ते लिहिलं."

"माझी बायको म्हणते उशीलासुद्धा धुराचा वास येतो. ती आता माहेरी झोपते. तिला काय सांगू?"

द्राहा हसली. मी नाही हसलो. त्यानं बाटली उघडली, माझ्यासमोर ओतली, आणि वाट पाहत राहिला. मी चाखली. कडू, ओलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग टोपी घालून गेला. या पिढीला खरं ऐकायची सवय नाही.

बाटलीतलं उरलेलं द्राहानं मटणाच्या रश्शात घातलं. म्हणाली, "काय सुंदर वास सुटलाय." माझ्याकडे बघत म्हणाली.

४ जुलै

दूध उतू गेलं आणि करपलं. मी शेजारीच वाचत बसलो होतो. द्राहा बागेतून धावत आली, खिडक्या उघडल्या, पातेलं बाहेर फेकलं. घरात निळसर धूर होता, तो मला ती आल्यावर दिसला.

"व्लास्ता! इथेच बसला होतास ना?"

"वाचत होतो."

ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं फडकं पिळलं आणि शेगडी पुसायला घेतली.

१२ जुलै

आज ब्लांकाच्या टाकीला हो म्हणालो. उत्सवाची टाकी. फिकट रंगाची बिअर, महिनाभर थंडीत ठेवलेली.

तिनं ग्लास भरून माझ्यासमोर धरला आणि तोंड फिरवून उभी राहिली. लहानपणी प्रगतिपुस्तक द्यायची तशी.

दुसऱ्या नाकाचं काम दोष शोधायचं असतं. मी शोधले. आंबटपणा नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखं काही नाही. सल्फर नाही. गार, कडू, स्वच्छ. एकही दोष सापडला नाही. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

"बाबा, मला मधेच जरा लोणी येतं. खवट लोणी. अगदी थोडं."

"कुठाय लोणी?"

"काल आलं होतं. आज सकाळीही."

"तू महिनाभर तिच्याबरोबर आहेस. म्हणूनच तर मी आहे."

तिनं पुन्हा हुंगलं. "हो. नसेल."

"नाही."

तिनं मला मिठी मारली आणि पिंपं भरायला घेतली. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती.

१५ जुलै

मी काय पाहिलं ते लिहितो.

ऊन फार. खंदकात बावीस तंबू. ब्लांकाचा डावीकडून सातवा. लोक आले, कारण टपालातली बिअर म्हणून कुतूहल होतं. पहिले दहा-बारा ग्लास गेले. मग एका बाईनं गवतावर थुंकलं. मला वाटलं माशी पडली असेल. मग तिच्या नवऱ्यानं थुंकलं.

टोपीवाला एक जण ग्लास परत घेऊन आला. "ताई, मी बिअर मागितली होती. हे पावावर लावायचं आहे."

लोक हसले. दुसरा म्हणाला, "टपालात आहे ना, शंभर वर्षांपूर्वीचं पार्सल उघडलं असेल." आणखी हसले. ग्लास गवतावर ओतले जात होते. समोरचं गवत भिजून चमकत होतं. ब्लांका तोटी धरून उभी होती, चेहऱ्यावर रंग नव्हता.

मी एक ग्लास उचलून प्यालो. गार, कडू, स्वच्छ. शपथेवर सांगतो, स्वच्छ.

मी ओरडलो की यात काही नाही, तुम्हाला कुणीतरी शिकवून पाठवलं आहे. लोक गप्प झाले. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

ऑत्मार आला. त्यानं ग्लास नाकाजवळ नेला, एकदाच, आणि खाली ठेवला. ब्लांकाचा हात तोटीवरून हलकेच काढला आणि तोटी बंद केली. मग स्वतःच्या तंबूतून दोन पिंपं आणून तिच्या फळीवर लावली आणि परत गेला.

ब्लांका माझ्याकडे वळली. "पिंपं," ती म्हणाली. "मी पिंपं नीट धुतली नाहीत, बाबा. टाकी तर तू पाहिली होतीस."

१७ जुलै

दोन दिवस मी एकच गोष्ट बोलत होतो: कुणीतरी घातपात केला. ऑत्मारनंच. म्हणून तर एवढा सभ्यपणा. जेवताना तेच सुरू केलं.

द्राहानं काटा खाली ठेवला.

"व्लास्ता, मेपासून तुला वास येत नाही."

मी हसलो. "कुणी सांगितलं?"

"दूध. कोट. लिंडन. ओलोमोउत्सचं चीज मी जूनमध्ये तुझ्या वर्तमानपत्राखाली ठेवलं होतं. पूर्ण सकाळ. शेजारणीनं तिची खिडकी लावून घेतली. तू पान उलटलंस."

"चव लागते मला."

"कडू लागतं, खारट लागतं. मी विचारून आले डॉक्टरीणबाईंना. डोक्याच्या मागे मार बसला की होतं असं. कधी परत येतं, कधी नाही."

मी एवढंच विचारलं की मग बोलली का नाहीस.

"मला वाटलं, तुला माहीत आहे." तिच्या डोळ्यांत खरंच आश्चर्य होतं. "रोज वहीत लिहीत बसायचास. वाटलं, आधी वहीला सांगतोय. मला सांगायला वेळ लागेल."

१८ जुलै

सकाळी एकेक करून पाहिलं. व्हिनेगर टोचलं, वास नाही. बुटाचं पॉलिश, नाही. लसूण ठेचून, नाही. दालचिनी म्हणजे बोटाला खरखरीत. द्राहाच्या मानेजवळ गेलो.

"काय करतोस?"

ऊब. बाकी काही नाही.

दुपारी ही वही पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्या कुणाची असती तर दहाव्या ओळीला कळलं असतं.

२ ऑगस्ट

जुनं टपाल बंद आहे. ब्लांकानं सत्तर पिंपं एकेक करून उघडली आहेत, उकळत्या पाण्यानं धुते, पुसते, पुन्हा उकळते. हातांवर फोड आहेत. उद्या नवी बिअर त्याच टाकीत भरणार.

"टाकी?" मी विचारलं.

"टाकी नेहमीसारखी धुतली. टाकी चांगलीच होती ना." मग म्हणाली, "हीसुद्धा बिघडली, तर मी जाते, बाबा. जिला पिंप धुता येत नाही तिनं भट्टी कशाला चालवायची?"

दोष टाकीतच असणार. लोणी तिला टाकीतच आलं होतं. मला हे उभ्या उभ्या कळलं. तोंड उघडायला हवं होतं. पण ती म्हणेल, कधीपासून? मी म्हणेन, मेपासून. ती पायऱ्यांकडे बघेल.

आणि खरं सांगायचं तर तेवढंच नाही. चौतीस वर्षं आणि पाच भट्ट्या. लोक मला ज्या नावानं हाक मारतात ते या नाकाचं आहे. ते गेलं की रादोवानसारखा एक पेन्शनर उरतो.

"पिंपं बघून घे," मी म्हणालो आणि घरी आलो. एवढा नीच मी पूर्वी होतो का, आठवत नाही.

११ ऑगस्ट

काही लिहिण्यासारखं नाही. टाकी आठ दिवस भरलेली आहे. ब्लांकानं निरोप पाठवला: बाबा, महिनाअखेर चाखायला ये.

२६ ऑगस्ट

बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉपची काढणी. दरवर्षी खोऱ्यातले सगळे भट्टीवाले एका मळ्यावर जमतात, उंच तारांवरून वेली खाली येतात, आणि मळेवाला ओंजळभर हिरवी बोंडं सगळ्यांत वडीलधाऱ्यापुढे धरतो. त्यानं ती दोन तळव्यांत रगडायची, नाकाशी न्यायची आणि काय आहे ते सांगायचं. मग बाकीचे निवड करतात. सात वर्षं हे मी करतो.

सगळे होते. नदीकाठचा होता. ऑत्मार मागे उभा होता. द्राहा आणि रादोवान बाकावर. ब्लांका माझ्याशेजारी, हातांना पट्ट्या.

मी रगडलं. तळवे चिकट झाले, पिवळी पूड बोटांना लागली. सगळं नेहमीसारखं. हात नाकाशी नेले. तळवे गरम होते.

काय म्हणायचं ते मला पाठ होतं. गवत, लिंबाची साल, थोडी मिरी. म्हणालो असतो तर सगळ्यांनी मान डोलावली असती. ब्लांकानंही. ती तर माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"मला वास येत नाही," मी म्हणालो.

"उशीर झाला का काढायला?" मळेवाला घाबरला.

"तसं नाही. मलाच येत नाही. कशाचाच. मेपासून."

वेली ओढणारं यंत्र चालू होतं. मग रादोवान बाकावरून म्हणाला, "आणि सबंध उन्हाळा मला म्हणतोय, तुला सगळंच छान लागतं!"

कुणी हसलं नाही. ऑत्मारनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्याच्याकडे बघायचं मी ठरवलं होतं, बघितलं. "धूर होता," मी म्हणालो. "असणारच. तुझ्या बायकोला सांग."

"तिला माहीतच आहे, उस्ताद," तो म्हणाला.

ब्लांका हलली नव्हती. "पायऱ्या?" एवढंच म्हणाली.

"पायऱ्यांचा काही दोष नाही."

तिनं माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं आता रडेल. पण तिनं ते स्वतःच्या नाकाशी नेले, सवयीनं, आणि डोकं मागे घेतलं.

"कांदा," ती म्हणाली. "कांद्याचा वास येतोय. उशीरच झालाय."

"छे, काहीतरीच!" मळेवाला म्हणाला.

ऑत्मार पुढे आला, माझ्या तळव्यावर वाकला. "कांदाच आहे."

मळेवाल्यानं शिवी दिली, मला नाही, उन्हाला. ब्लांका अजून माझे हात धरून होती. मग तिचा चेहरा बदलला. मी तो बदलताना पाहिला.

"म्हणजे तेव्हा टाकीतच," ती म्हणाली. "लोणी होतं."

"होतं."

"आणि मी दीड महिना पिंपं उकळतेय."

"हो."

"दोन ऑगस्टला तू आला होतास. तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

तिनं हात सोडले. सायकलीकडे गेली. चढताना मागे वळून जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. ते बरोबर होतं.

३१ ऑगस्ट

द्राहा जाऊन बघून आली. दोन भरलेल्या टाक्यांतली एक, उत्सवाच्या वेळचीच, ब्लांकानं मोरीत सोडून दिली. रिकामी झाल्यावर तोटीच्या मागची वाटी खोलली. आत रबराची कडी होती, तिच्यावर काळा बुळबुळीत थर. नखानं खरवडला तर हात धुऊनही खवट लोण्याचा वास जाईना, असं द्राहा सांगते. दुसऱ्या टाकीची कडी नवीन आहे, ती बिअर ठीक असावी. चाखायला ऑत्मारला बोलावलं आहे.

पायऱ्यांना तिनं दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे. ब्लांकानं. माझ्याशी बोलत नाही, पण कठडा बसवला आहे.

साप्ताहिकाला पत्र पाठवलं. यंदाचे माझे सगळे लेख रद्द समजावेत. कारण लिहिलं. 'दोन बगळे'च्या काळ्या बिअरचं वर्णन रादोवाननं सांगितलं, मी लिहून घेतलं: "शेकोटी विझवून वर लोणी न लावता पाव भाजला तर." लोणी काढायला सांगितलं. काढत नाही म्हणाला.

३ सप्टेंबर

ऑत्मार हो म्हणाला. टाकी उघडली. खिडकीपाशी रांग होती म्हणे. मी गेलो नाही, मला बोलावलं नव्हतं.

दुपारी ब्लांका आली. एक ग्लास झाकून आणला होता, सायकलवर अर्धा सांडला होता. माझ्यासमोर ठेवला.

"मी काय सांगणार?" मी म्हणालो.

"सांगू नकोस. पी."

प्यालो. गार, कडू, ओलं. ती समोर बसून सांगत गेली काय काय आहे. ताजा पाव, म्हणाली. कापलेलं गवत. मध, पण अगदी तळाशी. मी डोळे मिटून ऐकत होतो. संपल्यावर ग्लास घेऊन गेली. दारातून म्हणाली, "उद्या पिंपं हलवायची आहेत. उचलायची नाहीत. कठडा धरून फक्त सांगायचं."

द्राहा ओट्यापाशी रात्रीच्या रश्शासाठी कांदा चिरत होती. मी जाऊन शेजारी बसलो. थोड्या वेळानं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तेवढं तरी येतंय," मी म्हणालो.

तिची सुरी थांबली. मग तिनं टोपलीतून आणखी एक कांदा घेतला.